नदीचे पूर आणि मृदा प्रदूषण

नदीचे पूर आणि मृदा प्रदूषण यांचा संबंध दुहेरी स्वरूपाचा आहे. पुराचे पाणी वरच्या खोऱ्यातील प्रदूषके गाळासोबत वाहून आणते आणि ती पूरमैदानातील मृदेत साठवते. त्याचबरोबर मृदेत आधीपासून असलेली प्रदूषके विरघळवून किंवा खरवडून ते नदीत व भूजलात परत सोडते. त्यामुळे पूरमैदानातील मृदा ही प्रदूषकांचे साठवणस्थान असते, तसाच त्यांचा दुय्यम स्रोतही असते. जड धातू, आर्सेनिक, कीटकनाशके, डायॉक्सिने, खनिज तेल, सांडपाण्यातील रोगजंतू, नायट्रोजन व फॉस्फरस ही या संदर्भातील प्रमुख प्रदूषके होत.

पुराच्या गाळाने जमीन सुपीक होते, हा अनुभव प्राचीन काळापासूनचा आहे. नाईल, गंगा, सिंधू आदी नद्यांच्या काठची शेती याच गाळावर वाढली. महाराष्ट्रातही नदीकाठची मळईची जमीन कसदार मानली जाते. मात्र ज्या खोऱ्यात खाणी, रासायनिक कारखाने किंवा मोठी शहरे आहेत, तेथे हाच गाळ पोषकद्रव्यांबरोबर विषारी द्रव्येही आणतो. दोन्ही प्रकारचा गाळ दिसायला सारखाच असल्याने निव्वळ पाहणीवरून त्यातील फरक ओळखता येत नाही.

## प्रदूषकांचे स्रोत

पूरकाळात मृदेपर्यंत पोहोचणारी प्रदूषके साधारणपणे चार ठिकाणांहून येतात.

* नदीपात्रातील जुना गाळ : कमी प्रवाहाच्या काळात बंधारे, डोह आणि संथ पात्र यांत प्रदूषित गाळ साचत राहतो. पुराचा वेग वाढला की तो ढवळला जाऊन पाण्याबरोबर काठांवर पसरतो. त्यामुळे अनेक वर्षांपूर्वी बंद झालेल्या कारखान्याचे प्रदूषण एखाद्या मोठ्या पुरात पुन्हा वर येऊ शकते.
* खाणी व खाणकचरा : धातुक काढून घेतल्यावर उरलेल्या चुऱ्याचे ढीग आणि तळी यांत शिसे, जस्त, कॅडमियम, तांबे व आर्सेनिक असते. अतिवृष्टीत हे ढीग झिजतात. क्वचित बांध फुटून संपूर्ण साठाच नदीत येतो.
* शहरे व उद्योग : सांडपाणी प्रक्रिया केंद्रे, गटारे, कचरा क्षेपणभूमी, पेट्रोल पंप, गोदामे व रसायनांच्या टाक्या पाण्याखाली गेल्यास त्यांतील द्रव्ये पुरात मिसळतात.
* शेतजमीन : खते, कीटकनाशके व जनावरांचे मलमूत्र वरच्या शेतांमधून धुऊन खालच्या शेतांवर येते.

## गाळाद्वारे होणारे वहन

बहुतेक जड धातू आणि पाण्यात सहजी न विरघळणारी सेंद्रिय रसायने पाण्यात मुक्त स्वरूपात फारशी राहत नाहीत. ती चिकणमातीचे कण, लोह व मँगनीजची ऑक्साइडे आणि सेंद्रिय पदार्थ यांच्या पृष्ठभागाला चिकटतात. या क्रियेस पृष्ठशोषण म्हणतात. चिकणमातीचे कण ०.००२ मिमी.पेक्षा लहान असतात. वजनाच्या मानाने त्यांचे पृष्ठफळ मोठे असल्याने वाळूच्या तुलनेत त्यांवर कितीतरी अधिक प्रदूषके बसतात.

पाणी काठ ओलांडून पसरले की त्याचा वेग एकदम कमी होतो. वाळू व जाड कण काठालगतच खाली बसतात आणि तेथे नैसर्गिक बांधासारखा उंचवटा तयार होतो. बारीक कण मात्र पाण्याबरोबर पुढे जातात आणि सखल जागा, नदीचे जुने सोडलेले पात्र, खाचरे, दाट गवत किंवा झुडपांची क्षेत्रे अशा ठिकाणी साचतात. म्हणून पूरमैदानातील प्रदूषण एकसारखे नसते. नदीपासून दूर असलेल्या खोलगट शेतात काठावरच्या शेतापेक्षा अधिक प्रदूषण आढळू शकते, तर शेजारच्या थोड्या उंच जागेवर ते नगण्य असू शकते.

एका पुरात साचणारा थर काही मिलिमीटरांपासून काही सेंटिमीटरांपर्यंत असू शकतो. मोठ्या पुरात तो याहूनही जाड असतो. असे थर एकावर एक साचून पूरमैदानात खोऱ्याच्या औद्योगिक इतिहासाची नोंदच तयार होते. या थरांचे वय ठरविण्यासाठी सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी समस्थानिकाचा उपयोग करतात. वातावरणातील अण्वस्त्रचाचण्यांमुळे त्याचे प्रमाण १९६३च्या सुमारास सर्वाधिक होते आणि युरोपात १९८६च्या चेर्नोबिल दुर्घटनेचा आणखी एक ठळक थर मिळतो. ऱ्हाईन नदीच्या काठी विसाव्या शतकाच्या मध्यातील थर अधिक प्रदूषित असून, १९७०च्या दशकानंतर सांडपाण्यावरील नियंत्रण वाढल्यामुळे वरचे थर तुलनेने स्वच्छ आहेत.

## मृदेतील रासायनिक बदल

पुराचा परिणाम केवळ नवीन गाळ येण्यापुरता मर्यादित नसतो. जमीन पाण्याखाली राहिल्याने मृदेचे रसायनच बदलते आणि तिच्यात आधीपासून असलेल्या प्रदूषकांचे वर्तनही त्यानुसार बदलते.

### ऑक्सिजनचा अभाव

मृदेतील पोकळ्या पाण्याने भरल्या की हवेतील ऑक्सिजन आत पोहोचणे जवळजवळ थांबते, कारण पाण्यातून ऑक्सिजनचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट मंद असते. शिल्लक ऑक्सिजन सूक्ष्मजीव अल्पावधीत, बहुधा एक-दोन दिवसांत, वापरून टाकतात. त्यानंतर ते श्वसनासाठी अनुक्रमे नायट्रेट, मँगनीजची ऑक्साइडे, लोहाची ऑक्साइडे आणि सल्फेट यांचा उपयोग करतात; अखेरीस मिथेन तयार होतो. या क्रमातील प्रत्येक टप्प्यावर वेगवेगळी प्रदूषके सुटी होतात किंवा बांधली जातात.

* लोह व मँगनीजच्या ऑक्साइडांचे क्षपण होऊन ती विरघळली की त्यांच्यावर बसलेले आर्सेनिक, फॉस्फेट व काही धातू मृदाजलात मोकळे होतात.
* पाणी अधिक काळ साचून राहिल्यास सल्फेटापासून सल्फाइड बनते. ते कॅडमियम, जस्त, तांबे व शिसे यांच्याशी संयोग पावून जवळजवळ अविद्राव्य संयुगे तयार करते. या टप्प्यात हे धातू तात्पुरते बांधले जातात.
* काही जीवाणू ऑक्सिजनविरहित स्थितीत पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. मिथिल पारा अधिक विषारी असून तो अन्नसाखळीत साठत जातो.
* सहा संयुजी क्रोमियमचे तीन संयुजी क्रोमियममध्ये क्षपण होते. हे रूप कमी विषारी व कमी चल असते.
* नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर होते. या विनायट्रीकरणामुळे पूरमैदाने नदीच्या पाण्यातील नायट्रेट कमी करण्यास हातभार लावतात.

### पाणी ओसरल्यानंतर

पाणी ओसरून मृदेत पुन्हा हवा शिरली की ही प्रक्रिया उलट दिशेने घडते. सल्फाइडांचे ऑक्सिडीभवन होऊन सल्फ्यूरिक आम्ल तयार होते, मृदेचा सामू घसरू शकतो आणि बांधलेले कॅडमियम, जस्त यांसारखे धातू विद्राव्य होतात. नेमक्या याच वेळी शेतकरी पुढच्या पिकाची तयारी करीत असल्याने हा काळ पिकांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. चुनखडीयुक्त मृदेत आम्लाचे उदासिनीकरण होत असल्यामुळे हा परिणाम सौम्य असतो.

आर्सेनिक आणि कॅडमियम यांच्या परस्परविरोधी वर्तनामुळे भातशेतीत विशेष अडचण उद्भवते. खाचरात पाणी भरलेले ठेवल्यास भातात आर्सेनिक वाढते, तर पाणी काढून टाकल्यास कॅडमियम वाढते. दोन्ही प्रदूषके असलेल्या जमिनीत पाण्याचे व्यवस्थापन करताना या दोहोंचा समतोल साधावा लागतो.

## पुरामुळे होणारी शुद्धी

पुराने प्रदूषण नेहमी वाढतेच असे नाही. बांगलादेशात हिवाळी व उन्हाळी बोरो भाताला आर्सेनिकयुक्त भूजल देतात आणि त्यातील आर्सेनिक खाचराच्या वरच्या थरात साचते. पावसाळ्यात ही शेते पुराखाली गेली की लोह ऑक्साइडे विरघळून आर्सेनिकचा काही भाग वरच्या पाण्यात येतो आणि ओसरणाऱ्या पुराबरोबर निघून जातो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सिंचनातून जमिनीत आलेल्या आर्सेनिकपैकी १३ ते ४६ टक्के भाग अशा रीतीने दूर होत असल्याचे दिसून आले. अशा प्रदेशात पूर पूर्णपणे रोखणारे बांध घातले, तर जमिनीत आर्सेनिक साचण्याचा वेग वाढण्याची शक्यता असते.

याशिवाय पुरामुळे मृदेतील क्षार धुऊन जाऊ शकतात आणि स्वच्छ गाळाच्या नव्या थराखाली जुना प्रदूषित थर झाकला जाऊ शकतो. मात्र झाकला गेलेला थर नष्ट झालेला नसतो. नदीने काठ कापल्यास किंवा तेथे खोदकाम झाल्यास तो पुन्हा उघडा पडतो.

## काही उदाहरणे

### एल्बे व मुल्डे नद्या

एल्बे नदी चेक प्रजासत्ताकातील क्रकोनोशे पर्वतात उगम पावते आणि जर्मनीतून वाहत उत्तर समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यात प्रदूषणाचे दोन जुने स्रोत आहेत. पहिला स्रोत म्हणजे एर्झगेबिर्ग पर्वतातील खाणी. तेथील फ्रायबर्ग परिसरात ११६८ साली चांदी सापडल्यापासून कित्येक शतके खाणकाम चालले. तेथून येणाऱ्या मुल्डे या उपनदीच्या गाळात आर्सेनिक, कॅडमियम, शिसे व जस्त आढळते. दुसरा स्रोत म्हणजे बिटरफेल्ड परिसरातील रसायन उद्योग. यातून डीडीटी, हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन व डायॉक्सिने स्पिटेलवासर या ओढ्याच्या काठी व पुढे मुल्डे-एल्बेच्या पूरमैदानात साचली.

ऑगस्ट २००२ मध्ये या खोऱ्यात अभूतपूर्व पूर आला. १७ ऑगस्ट रोजी ड्रेस्डेन येथे एल्बेची पातळी ९.४० मीटरवर पोहोचली. चेक प्रजासत्ताकात नेरातोविसे येथील रसायन कारखान्यात पाणी शिरून क्लोरीनची गळती झाली आणि आवारातील जुन्या डायॉक्सिन-दूषित इमारतींमुळे चिंता निर्माण झाली. पूर ओसरल्यावर एल्बे आणि मुल्डे यांच्या काठच्या कुरणांची व गाळाची विस्तृत तपासणी करण्यात आली. तीतून एक मुद्दा ठळकपणे पुढे आला : पूरमैदानातील प्रदूषणाचा मोठा भाग या एका पुराचा नसून अनेक दशकांच्या पुरांनी साचविलेला होता.

याचा थेट परिणाम पशुपालनावर झाला. चरताना जनावरांच्या पोटात गवताबरोबर माती जाते आणि तिच्यातील डायॉक्सिने चरबी, यकृत व दूध यांत साठतात. त्यामुळे चराईची जागा, गवत कापण्याची उंची आणि चारा तपासणी यांविषयी एल्बेकाठच्या शेतकऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना देण्यात आल्या. मुल्डेवरील एका जुन्या कोळसा खाणीच्या खड्ड्यात तयार केलेला जलाशय वरून येणारा बराच धातुयुक्त गाळ अडवतो आणि खालच्या पूरमैदानावरील भार कमी करतो.

### वेल्समधील जुन्या खाणी

जून २०१२ मध्ये पश्चिम वेल्सच्या सेरेडिजिऑन भागात पूर आला. तेथील शिशाच्या व जस्ताच्या खाणी बंद होऊन बराच काळ लोटला होता, तरीही त्यांचा कचरा नदीकाठांत शिल्लक होता. पुराने तो कुरणांवर पसरविला. त्या कुरणांवरील गवतापासून बनविलेल्या मुरघासात शिसे मिसळून काही ठिकाणी गुरांना विषबाधा झाली. जमीन सुकल्यानंतर आणि पूर विस्मरणात गेल्यानंतर साठविलेल्या चाऱ्यातून धोका उद्भवल्याचे हे उदाहरण आहे.

### अझ्नालकोयार, स्पेन

२५ एप्रिल १९९८ रोजी दक्षिण स्पेनमधील अझ्नालकोयार येथील खाणकचऱ्याच्या तळ्याचा बांध फुटला. आम्लयुक्त पाणी व धातुयुक्त चिखल ग्वादियामार नदीच्या काठच्या हजारो हेक्टर जमिनीवर पसरला आणि दोन्याना या संरक्षित पाणथळ प्रदेशालाही धोका निर्माण झाला. चिखलाबरोबर वरची माती खरवडून काढण्यात आली. उरलेल्या मृदेत चुना व लोहयुक्त द्रव्ये मिसळण्यात आली. बाधित जमीन अन्नोत्पादनातून कायमची वगळून तेथे हरित पट्टा निर्माण करण्यात आला.

### जिन्झू नदी, जपान

जपानमधील तोयामा प्रांतात कामिओका खाणीतील कॅडमियम जिन्झू नदीच्या पाण्यातून व गाळातून भातखाचरांत साचले. तेथील तांदूळ व पाणी यांमुळे हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ हा वेदनादायक रोग पसरला. १९६८ साली जपान सरकारने त्याचा संबंध कॅडमियमशी असल्याचे मान्य केले. बाधित खाचरांतील माती बदलण्याचे काम अनेक दशके चालले. या उदाहरणात सिंचनाचा वाटा मोठा असला, तरी नदीतील प्रदूषण जमिनीत उतरल्यावर ते काढण्यास किती काळ लागतो हे त्यातून स्पष्ट होते.

## महाराष्ट्र व गोवा

महाराष्ट्रात २००५, २०१९ व २०२१ साली कृष्णा-पंचगंगा खोऱ्यात मोठे पूर आले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील अनेक गावे व ऊसशेती कित्येक दिवस पाण्याखाली होती. शिरोळ तालुक्यात, जेथे नृसिंहवाडी येथे कृष्णा व पंचगंगा यांचा संगम होतो, पूर दीर्घकाळ रेंगाळतो. पंचगंगा ही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत असलेली नदी आहे. शहरी सांडपाणी व औद्योगिक सांडपाणी हे तिच्या प्रदूषणाचे प्रमुख स्रोत मानले जातात.

या भागातील काळ्या मृदेत फुगणाऱ्या चिकणखनिजांचे प्रमाण जास्त असते. अशी मृदा धातू घट्ट धरून ठेवते, त्यामुळे ते भूजलात सहजी उतरत नाहीत. पण त्याच कारणाने वरच्या थरात दीर्घकाळ टिकतात. शिवाय या मृदेतून पाण्याचा निचरा मंद होतो. अतिसिंचनामुळे क्षारपड झालेल्या जमिनींत पुरानंतर भूजल पातळी वर राहिल्यास, जमीन सुकताना क्षार केशाकर्षणाने पृष्ठभागावर येतात.

२२ जुलै २०२१ रोजी कोकणात सावित्री नदीकाठचे महाड आणि वाशिष्ठी नदीकाठचे चिपळूण ही शहरे पुराखाली गेली. या दोन्ही परिसरांत महाड व लोटे-परशुराम या रासायनिक औद्योगिक वसाहती आहेत. त्यामुळे तेथील पूरनियोजनात रसायनांच्या साठवणुकीची सुरक्षितता हा विषय महत्त्वाचा ठरतो.

गोव्यात डिचोली, सत्तरी आदी तालुक्यांत लोहखनिजाच्या खाणींतील मातीचे ढीग पावसाळ्यात वाहून ओहोळ, नद्या व भातशेतांत येण्याची समस्या अनेक वर्षांची आहे. लोहयुक्त बारीक गाळाचा थर बसल्याने शेताचा निचरा बिघडतो आणि भाताच्या वाढीवर परिणाम होतो.

## परिणाम

प्रदूषित मृदेतून माणसापर्यंत प्रदूषके पोहोचण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. पालेभाज्या व कंदमुळे कॅडमियम तुलनेने सहज शोषतात. शिसे मुळांतून फारसे वर चढत नाही. ते मुख्यतः पानांना चिकटलेल्या मातीतून व धुळीतून शरीरात जाते. लहान मुले मातीत खेळत असल्याने त्यांना शिशाचा धोका अधिक असतो. सांडपाणीमिश्रित पुरातील रोगजंतू सूर्यप्रकाश व कोरडेपणामुळे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होतात; धातू मात्र विघटित होत नाहीत. डिझेल व वंगण तेल हवेशीर मृदेत जीवाणूंच्या क्रियेने हळूहळू विघटन पावतात, पण पाणथळ मृदेत ही क्रिया फार मंदावते.

मृदेतील जीवसृष्टीवरही परिणाम होतो. दीर्घ पुरात गांडुळे व हवेवर जगणारे सूक्ष्मजीव घटतात. त्यामुळे सेंद्रिय प्रदूषकांचे विघटन करण्याची मृदेची क्षमता काही काळ कमी होते.

## मापन

पुरानंतरच्या तपासणीत नवा गाळ आणि त्याखालील मूळ मृदा यांचे नमुने वेगळे घेणे आवश्यक असते. दोन्ही मिसळल्यास प्रदूषण पुराने आले की आधीपासून होते, हे सांगता येत नाही. सखल व उंच अशा दोन्ही जागांचे नमुने घेतात आणि तुलनेसाठी पूररेषेबाहेरील मृदाही तपासतात. बारीक कणांत धातू अधिक असल्याने गाळाची तुलना करताना बहुधा ०.०६३ मिमी.पेक्षा लहान कण वेगळे करून तपासले जातात.

धातूचे एकूण प्रमाण हा धोक्याचा पुरेसा निर्देशक नसतो. त्यातील किती भाग विद्राव्य किंवा वनस्पतींना उपलब्ध आहे, हे सामू, सेंद्रिय पदार्थ व ऑक्सिजनची स्थिती यांवर अवलंबून असते. स्थानिक खडकाचाही विचार करावा लागतो. दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या मृदेत तांबे, निकेल व क्रोमियम नैसर्गिकरीत्याच तुलनेने अधिक असते. त्यामुळे अन्य देशांतील मर्यादा जशाच्या तशा लावल्यास चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

## उपाययोजना

* तातडीचे उपाय : पुराच्या पाण्यात बुडालेल्या पालेभाज्या व कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या फळभाज्या खाणे टाळणे, गाळ लागलेला चारा जनावरांना न देणे, तेलाचा तवंग किंवा रसायनांचा वास असलेला गाळ शेतात न मिसळता वेगळा काढणे.
* गाळ काढणे : कमी क्षेत्रावर व प्रदूषण तीव्र असल्यास परिणामकारक, परंतु खर्चिक असून काढलेल्या गाळाच्या विल्हेवाटीचा प्रश्न उरतो. खोल नांगरटीने प्रदूषके विरळ होतात, नाहीशी होत नाहीत.
* स्थिरीकरण : चुना, फॉस्फेट, लोह ऑक्साइडे, कंपोस्ट किंवा जैवकोळसा मिसळून धातू बांधले जातात. चुन्याने कॅडमियम व जस्त यांची विद्राव्यता कमी होते. पण सामू वाढल्याने आर्सेनिक अधिक चल होऊ शकते. म्हणून प्रदूषक ओळखल्याशिवाय उपाय निवडणे हिताचे नसते.
* पीक व वापर बदलणे : पालेभाज्यांऐवजी धातू कमी शोषणारी किंवा अखाद्य पिके घेणे, अतिप्रदूषित जमिनीवर वृक्षलागवड करणे.
* स्रोत नियंत्रण : रसायनांचे साठे व कचराभूमी पूरक्षेत्राबाहेर नेणे, सांडपाण्यावर प्रक्रिया करणे, खाणकचऱ्याचे ढीग स्थिर करणे. महाराष्ट्रात निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या व लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी आखली जाते. नदी व निळी रेषा यांमधील क्षेत्र निषिद्ध, तर निळी व लाल रेषांमधील क्षेत्र नियंत्रित मानले जाते.

नदीला पसरण्यासाठी अधिक जागा देण्याच्या योजनांमध्ये एक विशेष पेच निर्माण होतो. बांध मागे घेतल्याने खालच्या शहरांचा पूरधोका घटतो आणि पाण्यातील नायट्रेट व गाळ कमी होतो; पण तोच प्रदूषित गाळ नव्याने खुल्या झालेल्या शेतांवर येतो. नेदरलँड्स व जर्मनी येथे अशा योजना राबविण्यापूर्वी मृदेची तपासणी केली जाते.

## हवामान बदल

तापमानवाढीमुळे अतिवृष्टीच्या घटनांची तीव्रता अनेक प्रदेशांत वाढत आहे. पूर अधिक उंचीपर्यंत पोहोचल्यास आजवर कोरड्या राहिलेल्या जमिनीवर प्रदूषित गाळ येतो, तसेच पात्रातील व काठांतील जुने साठे पुन्हा चल होतात. पूर व कोरडा काळ यांचे फेरे वारंवार घडल्यास धातू बांधले जाण्याच्या व सुटण्याच्या क्रियाही वारंवार घडतात. त्यामुळे उद्योगांचे सध्याचे उत्सर्जन थांबले तरी खोऱ्यातील जुन्या प्रदूषणाचा प्रश्न दीर्घकाळ शिल्लक राहतो.

## हे सुद्धा पहा

* पूर
* मृदा प्रदूषण
* पूरमैदान
* जड धातू
* पंचगंगा नदी
* इताई-इताई रोग